मागचं दार

गाडीला नको म्हणायचं, हे झुबेदा घरूनच ठरवून निघाली होती. आणि झुबेदाने एकदा ठरवलं की आगरदांड्याची फेरीबोट अर्ध्यातून मागे फिरेल, पण ही बाई फिरायची नाही.

गाडी तरी कसली, तर दोन लाख किलोमीटर पळून आलेली. काळी, लांबलचक, जर्मन, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी. न्हावा शेव्याला कंटेनरचा धंदा करणारा विनेश दिघीला निघाला होता, आपली विकायला काढलेली गाडी जाता जाता दाखवतो म्हणून ती जेटीवर घेऊन आला. "दोन लाख म्हणजे काय काकी, आमचे ट्रेलर दोन लाखाला बाळसं धरतात," तो म्हणाला. झुबेदाचा मुलगा हारिस तिच्या कानाशी लागला, "अम्मी, नवी छोटी गाडी घेऊया. हा नुसता पांढरा हत्ती आहे." होता काळा, पण पोराचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

तिचा नवरा मकसूद मात्र गाडीवरून नजर काढत नव्हता. वीस वर्षं कुवेतला एका बड्या घरी त्याने अशीच गाडी चालवली. गेल्या वर्षी कायमचा परत आला, आणि तेव्हापासून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बोटी बघत होता. जेवायचा, नमाजाला जायचा, पुन्हा ओट्यावर. या गाडीचं कळलं तेव्हा पहिल्यांदा त्याने दाढी नीट केली. बायकोला एवढंच म्हणाला, "तू नको म्हणालीस तर विषय संपला." आता एवढा हक्क हातात आल्यावर तो न वापरायला झुबेदा काय वेडी होती?

"चक्कर मारून या," विनेशने चावी दिली. हारिसला त्याच्यापाशी गहाण ठेवून दोघं निघाली. झुबेदाच्या हातात टपरीवरचा चहाचा ग्लास काठोकाठ भरलेला. ती पुढच्या दाराकडे वळली, तर मकसूद मागचं दार उघडून ताठ उभा. पुढची सीट मोडकी असेल, असं समजून ती मागे बसली. दार लागलं आणि जेटीवरचा सगळा गलका एकदम बंद झाला.

मकसूदने बसल्या बसल्या आधी समोरचा आरसा वर ढकलला. त्यात झुबेदाला नुसतं छत दिसायला लागलं.

मग गाडी निघाली, आणि झुबेदाच्या ध्यानात एक गंमत आली. नवरा ड्रायव्हर आहे हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं, पण त्याला गाडी चालवताना तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. सुट्टीवर यायचा तेव्हा दोघं एसटीने नाहीतर रिक्षाने फिरायची. घरात चहाची बशीसुद्धा सांडणारा हा माणूस इथे कोणी वेगळाच होता. हात स्टिअरिंगच्या चाकावर नुसते ठेवल्यासारखे, घाई कशाची नाही. वळणं आली आणि गेली. खड्डा दिसला, गाडी त्याच्या बाजूने अलगद निघाली. एक शेळी आडवी आली, मकसूदने तिला वाट दिली, झुबेदाला धक्का म्हणून जाणवला नाही. मोकळा रस्ता लागला तसा त्याने पाय जरासा दाबला. सुरूची झाडं भराभर मागे पडली, खाडी एका बाजूने धावत राहिली, आणि झुबेदाच्या छातीत असं काही भरून आलं की तिच्या तोंडून "या अल्ला" निघालं. तेही हळूच. हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, तर चहा थेंबभरही सांडलेला नव्हता.

आणि हे सगळं वीस वर्षं कुवेतच्या त्या बड्या घरच्या कुणा बाईने बघितलं, हा विचार तिला चांगलाच टोचला.

"आरसा का वर केलात?" तिने विचारलं.

"मालकीण मागे बसायची. नजर जायला नको, म्हणून पहिल्या दिवशीच सांगितलेलं. सवयीने झालं बघ. दारसुद्धा सवयीनेच."

परतीच्या वाटेवर झुबेदा त्या आरशातल्या छताकडे बघत राहिली.

जेटीवर येऊन त्याने इंजिन बंद केलं. जरा वेळ चाकावरचे हात काढलेच नाहीत. मग म्हणाला, "नको घ्यायला. चालते झकास, पण उतारावर गिअर बदलताना खालून आवाज येतो. आज ना उद्या काम काढणार. हारिस बरोबर बोलतोय."

आता झुबेदाने खूश व्हायला हवं होतं. ती भडकली.

"आवाज तुमच्या गुडघ्यांतूनपण येतो," ती म्हणाली. "म्हणून काय तुम्हाला कुवेतला परत पाठवलं मी?"

तिने गार झालेला चहा एका दमात संपवला, आपल्या हाताने दार उघडून उतरली, पुढून वळसा घातला आणि त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. सीट चांगली धडधाकट होती.

"घ्या गाडी. काम काढेल तेव्हा बघू. पण माझी एक अट आहे. मागचं दार माझ्यासाठी परत उघडायचं नाही."

मकसूदने आरसा खाली ओढून सरळ केला. मग मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ बघतच राहिला.