भिंगरीचा ढिला दोर

"मालकीणबाई, आता जे सांगतो त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझाच बसत नाही," असं म्हणून म्हातारा मोतद्दार उपड्या बादलीवर ऐसपैस बसला.

"मग सांगता कशाला, थापाडेकाका?" घोड्याचा खूर मांडीवर घेत नालबंदाने टोमणा मारला. काका चाळीस वर्षं या पागेत घोडे सांभाळत होते आणि तितकीच वर्षं थापा मारत होते. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

मालकीणबाईंना मात्र आज थापा नको होत्या. काकांचं कंबरडं कामातून गेलं होतं आणि पागेला नवा मुख्य मोतद्दार हवा होता. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊनच त्या आल्या होत्या.

"तुमची मुलगी कामाला वाघ आहे, मान्य. पण अवघड जनावर तिने एकटीने कधी हाताळलंय का? दुसऱ्याच्या सांगण्यावर चालणारं माणूस मला इथे नको."

"म्हणून तर सांगतोय! ही भिंगरी घोडी गेल्या वर्षी आली, तेव्हा तिच्या अंगात अशी रग, की सकाळी सुटलेली तिची सावली संध्याकाळी धापा टाकत मागून यायची. माशी पाठीवर बसली, तर उतरताना भोवळ येऊन पडायची. बादली वाजली रे वाजली, की बाई दोन पायांवर! तुम्हीच म्हणालात, महिन्यात ताळ्यावर आली नाही तर परत पाठवू."

"म्हणाले होते खरी."

"आम्ही शहाणे! म्हटलं, दमवू या. लांब दोरावर सकाळ-संध्याकाळ पळवली. आठ दिवसांत ती दमली? छे! तिचा दमसास दुप्पट झाला आणि या नालबंदाची विजार कमरेवर राहीना."

"एवढं मात्र खरं आहे हं," नालबंद म्हणाला.

"तेव्हा माझी पोरगी पुढे आली. म्हणाली, पळवणं बंद. दाणा निम्मा, दिवसभर कुरणात मोकळी. आणि रिंगणात नुसतं चालायचं. दहा पावलं, थांब. दोन मागे, वळ. उसळली तर ओरडायचं नाही, वळवायचं. घोडीला विचार करावा लागला हो! पाय नाहीत, डोकं दमलं तिचं. चौथ्या दिवशी मान खाली घालून ओठ चाटायला लागली. पंधराव्या दिवशी तर अशी निश्चल उभी, की चिमणीने पाठीवर घरटं बांधलं. तीन अंडी! पिल्लं उडेपर्यंत खरारा करता आला नाही."

मालकीणबाईंना हसू आवरेना. नालबंदाची कानस मात्र खुरावर थांबली होती. काकांच्या गोष्टीत काकांखेरीज दुसरं कुणी बाजी मारल्याचं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. तो काही बोलणार, तोच काकांनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

"आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"मी? घरी, अंथरुणावर. मला पत्ताच नाही," काका पापणीही न लववता म्हणाले.

"थाप!"

मागे बादली फरशीवर आदळली. भिंगरीचा दोर हातात धरून मुलगी उभी होती, रागाने लाल झालेली.

"अगं, गप," काका पुटपुटले. "होत आलंय काम."

"नाही गप बसणार! तुमच्या चिमणीची अंडी मी एक वेळ पचवीन बाबा, पण हे नाही. डॉक्टरांनी हलू नका म्हटलेलं असताना रिंगणाच्या मधोमध खुर्चीत कोण बसलं होतं, रोज, पंधरा दिवस? नालबंदकाका, तुम्हीच उचलून न्यायचात ना? 'आधी तू श्वास सोड, मग ती सोडेल', हे मला कोण सांगत होतं? बाई, काम मला हवंय. पण बाबांचं नाव पुसून नको!"

बोलण्याच्या भरात मुलीचा पाय लागून बादली पुन्हा फरशीवर वाजली. गडगडत ती भिंगरीच्या खुराशी येऊन थांबली. भिंगरीने एक कान फिरवला, मागचा एक पाय सैल सोडला आणि डोळे मिटले. मुलीच्या मुठीतून सुटलेला दोर सैल लोंबत जमिनीला टेकला होता.

मालकीणबाई त्या दोराकडेच बघत होत्या. ते काकांनी पाहिलं. आणखी एक थाप ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली, आणि दुखऱ्या कमरेची पर्वा न करता ते बादलीवर ताठ बसले.