चित्रलेखाबाईंचा अंबाडा

मित्रांनो, मी ऑस्ट्रेलियाचं एक जुनं लाकडी राजचिन्ह आहे, आणि आज मला रागच आलाय. सिडनीजवळच्या पॅरामॅटामध्ये, एका फेडरल कोर्टात, न्यायाधीशांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मध्ये ढाल, एका बाजूला कांगारू, दुसऱ्या बाजूला एमू. टांगताना कामगाराच्या हातून निसटलो आणि एमूची चोच टवकली. तरीही वकील असो की साक्षीदार, आत येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे मान झुकवतो. उगाच नाही!

एक न्यायाधीश तेवढे मला बघत नाहीत. त्यांची माझ्याकडे पाठ ना!

चित्रलेखाबाई इथे न्यायाधीश होऊन आल्या, तेव्हा त्यांचा अंबाडा काळाभोर होता. पहिल्या दिवशी खोली रिकामी असताना त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही देवाकडे पाठ करून बसत नाही रे. इथे तुझ्याकडे रोज करावी लागणार. माफ कर हं. शेवटच्या दिवशी मात्र वळून नीट नमस्कार करीन."

अहो, एवढ्या प्रेमाने माझ्याशी कोण बोललं होतं? मी तो शब्द धरून बसलो.

व्हिसा नाकारलेली मुलं यायची, मुलांच्या ताब्यावरून भांडणारे आईबाप यायचे. एकदा एक वकील तावातावाने ओरडत होता. बाई म्हणाल्या, "हळू बोला. मूल बाहेर बसलंय." त्याने लगेच आवाज खाली आणला. निकाल अवघड असला की बाईंचा हात मागे जायचा आणि अंबाड्यातला आकडा चाचपायचा. हे फक्त मलाच दिसायचं. बघता बघता अंबाडा पांढरा झाला.

मग कोविड आला. कोर्टाला कुलूप लागलं आणि बाई केलीव्हिलच्या घरातून कॉम्प्युटरवर खटले चालवू लागल्या. एके दिवशी त्यांची मदतनीस विनिता मास्क लावून आली आणि तिने माझा फोटो काढला. वाटलं, बाईंना आठवण येतेय माझी! मी अगदी ताठ झालो. तेवढ्यात फोनवर बाईंचा आवाज आला.

"मोठा छापून पाठव गं. कॅमेऱ्यात मागे माझा फ्रिज दिसतो, शोभत नाही. आणि ती चोच तेवढी नीट करून घे."

"नो वरीज, जज," विनिता म्हणाली.

चोच नीट करून घे! इतकी वर्षं हीच चोच चालली ना?

पुढच्या वर्षी बाई सत्तर वर्षांच्या झाल्या. त्या वयात इथल्या न्यायाधीशाला निवृत्त व्हावंच लागतं. सिडनी पुन्हा बंद होती, तरी मला वाटायचं, दिलेल्या शब्दासाठी बाई येतील. त्या आल्या नाहीत. आली विनिता. तिने माझ्यासमोरचा मोठा पडदा सुरू केला आणि निरोपाची भाषणं लागली. कितीतरी वर्षांनी मला बाईंचा चेहरा दिसला. फार थकल्या होत्या हो.

शेवटी त्या म्हणाल्या, "मी एकाला वचन दिलंय. ते पाळते."

माझं मन भरून आलं. बाई उठल्या, वळल्या, आणि त्यांनी भिंतीवरच्या त्या फोटोला हात जोडले. धड चोचीच्या फोटोला! मला पुन्हा अंबाडाच दिसला. त्यांचा हात मागे आला, आकडा चाचपला, आणि पडदा बंद झाला.

मित्रांनो, शब्द ज्याला दिलात त्याच्यापर्यंत जाऊन पाळा. त्याच्या चित्रावर भागवू नका.

कोर्ट आता उघडलंय. खुर्चीत नवे न्यायाधीश आहेत, त्यांना टक्कल आहे. केलीव्हिलहून इथवर अर्ध्या तासाची तर वाट आहे, बाई.