कलम तीनचे जाहीर आभार

कायदा होण्यापूर्वीच त्याबद्दल आभार मानून टाकण्याची रीत आमच्या सार्वजनिक जीवनात इतकी रुळली आहे की तिच्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी क्रांती चौकाजवळच्या सभागृहात मी शिरलो, तेव्हा व्यासपीठामागच्या फलकावर ‘शिक्षकांच्या वतीने जाहीर आभार’ अशी अक्षरे झळकत होती आणि शेजारी आमदार नानासाहेबांचे, अक्षरांहून बरेच मोठे, छायाचित्र होते. विधेयक अद्याप सादर व्हायचे होते. आमच्या शिक्षक कृती समितीचा सचिव रामेश्वर याला मी विचारले, की हे आभार नेमके कशाचे.

“सर, निवेदन द्यायला बोलवलं तर आमदार येत नाय,” तो शांतपणे म्हणाला. “सत्काराला बोलवलं की वेळेआधी येतो. बघा, आत चहा घेऊ लागलाय.”

मसुदा मी तयार केला होता. त्यात तीन कलमे होती. शिक्षक पात्रता परीक्षा एकदा उत्तीर्ण झालेल्याला पुन्हा त्या दारात उभे करू नये, हे पहिले. नव्या शिक्षकाला सुरुवातीच्या काळात अनुभवी शिक्षकाचे मार्गदर्शन मिळावे, हे दुसरे. आणि तिसरे, ज्याच्यासाठी बाकीची दोन लिहिली होती: उन्हाळी सुट्टीच्या निमित्ताने कार्यमुक्त केल्यामुळे कुणाचीही सेवा खंडित मानू नये. खासगी संस्थांमधले कंत्राटी शिक्षक एप्रिलअखेर कार्यमुक्त होतात आणि शाळा उघडताना पुन्हा नेमले जातात. वर्षानुवर्षे शिकवणारा माणूस अशा रीतीने कागदोपत्री दर जूनमध्ये जन्माला येतो, आणि नवजाताला हक्क कसले असणार? अशासकीय विधेयक म्हणून, म्हणजे सरकारचे नव्हे तर स्वतःचे म्हणून, हा मसुदा मांडण्याचे नानासाहेबांनी कबूल केले होते. सूचना दाखल करण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

आतल्या खोलीत त्यांनी मला आदराने खुर्ची दिली. मग तितक्याच आदराने सांगितले, की तिसरे कलम त्यांनी काढले आहे. शिक्षणसंस्थांच्या चालकांची त्यावर नाराजी आहे, असे ते म्हणाले. ते स्वतःही एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आहेत, याचा उल्लेख करण्याची त्यांना गरज वाटली नाही. “बाकी शब्द न् शब्द तुमचा ठेवलाय, सर,” ते म्हणाले. मी म्हणालो, की आता उरला आहे तो शिक्षकांना पारखून घेऊन दर उन्हाळ्यात सोडून देण्याचा कायदा. त्यांनी कपात बिस्कीट बुडवले आणि आधी पाया तर पडू द्या, असे समजावले. उद्या सूचना देणारे तेच होते, आणि हे आम्ही दोघेही जाणून होतो.

मी बाहेर आलो तेव्हा पडद्याआड शीला उभी होती. पडेगावात नानासाहेबांच्याच संस्थेच्या शाळेत ती गणित शिकवते. पात्रता परीक्षा तिने पहिल्याच प्रयत्नात पार केली आहे. तिचे आईवडील अजून मेंढरे घेऊन रानोमाळ फिरतात. आभाराच्या भाषणासाठी तिची निवड साहेबांनी जातीने केली होती, कारण मेंढपाळाची लेक त्यांच्या शेजारी छायाचित्रात शोभणार होती. भाषण मुख्याध्यापकांनी लिहून दिले होते. येत्या जूनचा तिचा नियुक्ती आदेश साहेबांच्या सहीविना निघणार नव्हता.

मी तिला खरे ते सांगितले. पाठोपाठ हेही सांगितले, की दिलेले भाषण वाच आणि बस. बोलायचे ते मी वर्तमानपत्रातून बोलेन.

“सर, कलम काढलं हे बाहेर कुणाला माहितीय का?”

“नाही.”

“मग बरंय,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचे नाव पुकारले गेले.

सभागृह गच्च भरले होते. नानासाहेबांच्या खांद्यांवर शाल चढली, हातात नारळ आला. शीलाने मुख्याध्यापकांचा कागद उघडला, त्याची पहिली दोन वाक्ये वाचली, आणि कागद मिटला.

“आज साहेबांचे विशेष आभार मानायचे ते कलम तीनसाठी,” ती म्हणाली. मग तिने ते कलम मुखोद्गत म्हटले, सावकाश, फळ्यावर प्रमेय मांडावे तसे. “स्वतः संस्थाचालक असूनही साहेबांनी हे कलम उद्याच्या विधेयकात ठेवलंय. आपल्याच संस्थेवर बंधन घालून घेणारा माणूस मी तरी पहिल्यांदा बघतेय.”

मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या आणि माणसे उठून उभी राहिली. रामेश्वरला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो सर्वांत जोरात वाजवत होता. छायाचित्रकार पुढे सरकले. नानासाहेबांचा चेहरा हसरा होता. फक्त नारळावरची बोटे पांढरी पडली होती. नाकारायचे तर शाल उतरवून नाकारावे लागले असते, आणि इतक्या टाळ्यांत शाल उतरवणारा राजकारणी मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.

ते ध्वनिक्षेपकापाशी आले. माझ्याकडे एकदा पाहिले.

“शीलाताईंनी सांगितलंय ते खरंय,” ते म्हणाले. “कलम आहे.”

उतरताना ते तिच्यापाशी थांबले. आवाजात मध होता. “बाई, लई छान बोललात. आता उन्हाळ्यात निवांत आराम करा.”

“तो तुम्ही दरवर्षी देताच की, साहेब,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विधेयकाची सूचना तिन्ही कलमांसह दाखल झाली. वर्तमानपत्रांनी साहेबांच्या त्यागावर अग्रलेख लिहिले. मी ते संग्रही ठेवले आहेत, कारण अशा गद्याचे नमुने पुढे दुर्मीळ होतील. एप्रिलअखेर शाळेने सर्वच कंत्राटी शिक्षकांना कार्यमुक्त केले. जूनमध्ये शीला सोडून सर्वांना बोलावणे आले.

मी फोन केला. सांत्वनाची वाक्ये तिने मला पुरी करू दिली नाहीत. कलमावर चर्चा कधी आहे, एवढेच विचारले. अशासकीय विधेयकांचा वार शुक्रवार, तेव्हा एखाद्या शुक्रवारी, विधिमंडळाचे सभागृह तहकूब झाले नाही तर, मी म्हणालो. तारीख ठरलेली नाही.

“ठरली की सांगा. प्रेक्षक गॅलरीचा पास काढायचाय मला. तिथं टाळ्या वाजवायला मनाई असती म्हणे, व्हय का?”

हो, मी म्हणालो, सक्त मनाई असते.

“बरंय,” ती म्हणाली. “आता वाजवायच्याच नायत.”