खसाचा फाया

सायकल लावून उंबऱ्यावर पँटच्या क्लिपा काढता काढताच चन्नवीरला तो वास आला. खसाचा वास. गार, ओल्या मातीसारखा. घरात उदबत्ती लावलेली नव्हती. विजयमाला, त्याची तीन वर्षांची मुलगी, पाटीवर रेघोट्या ओढत बसली होती आणि त्याची बायको हेमावती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती.

"बरं न्हाय का?" त्यानं विचारलं.

"बरं हाय. भाकरी झाकून ठेवलीया, घ्या वाढून," ती तोंड न फिरवता म्हणाली.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला वाटलं असतं, दमली असेल. चन्नवीर तसा नव्हता. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलं पाहिजे. दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात उचलत नव्हता. सोलापुरातल्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात तो कारकून होता. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे टिपायचं त्याचं काम. पण गिरणीत जे करायचा तेच तो घरीही करायचा. हेमावतीला नळावरून यायला किती वेळ लागला, दूधवाल्याशी बोलताना ती हसली का, शेजारच्या लग्नात कुणाच्या ताटात तिनं आधी वाढलं, सगळं त्याच्या मनात टिपलं जाई. ती दिसायला देखणी होती. त्यांच्या लग्नात मागून कुणीतरी म्हणालं होतं, "पोरगी लई चांगली मिळाली की याला!" बाकीच्यांनी ते कौतुक म्हणून ऐकलं. चन्नवीरच्या कानात त्यातला 'याला' तेवढा राहिला. साडेचार वर्षं झाली तरी राहिला.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात या वासानं त्याचं डोकं फिरवलं. वास रोज येत नसे. महिन्यातले तीनच दिवस येई. आणि नेमक्या त्याच दिवसांत हेमावती वेगळीच बाई होऊन जाई. धड बोलायची नाही. जवळ गेलं तर अंग चोरायची. आमटी खारट झाली एवढं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी आणायची. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा हसायची, जणू काही घडलंच नव्हतं!

'हे अत्तर कुणासाठी?' चन्नवीर मनाशी विचारायचा.

त्यानं खिशातल्या डायरीत तारखा लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारीत नऊ, दहा, अकरा. मार्चमध्येही नऊ, दहा, अकरा. एप्रिलमध्ये सहा, सात, आठ. आपण फार हुशारीनं पुरावा जमवतो आहोत, असं त्याला वाटत होतं.

पुरावा जमला की माणूसही सापडतो. विणकाम खात्यातले ईश्वरप्पा मास्तर कानात अत्तराचा फाया घालून गिरणीत येत. बायको वारलेली, कपडे नेहमी इस्त्रीचे. गड्ड्याच्या यात्रेत चन्नवीरनंच त्यांना घरी जेवायला आणलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "वैनी, असली कडक भाकरी आन् शेंगाचटणी अख्ख्या बाळीवेशीत न्हाय बघा!" आणि हेमावती हसली होती. ती कशी हसली, किती हसली, हे चन्नवीर आता रोज आठवू लागला. गिरणीच्या फाटकातून मास्तर गेले की त्याला वाटे, तोच वास! त्यानं मास्तरांशी बोलणं सोडलं. एकदा तर ते वेळेवर आले असताना त्यानं त्यांच्या नावापुढे उशिराचा शेरा मारला.

मे महिन्याच्या सहा तारखेला संध्याकाळी त्यानं हेमावतीच्या देखत फडताळातले डबे बाजूला केले. ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागं बोटाएवढी बाटली सापडली. सोबत कापसाचा बोळा.

"हे कुणी दिलं?"

"मीच आणलं."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी! आन् मी जवळ आलो की तोंड फिरवतीस, ते पण तुझ्यासाठीच का?"

हेमावतीचे ओठ हलले. पण शब्द आला तो एवढाच, "बायकांचं असतंय ते. तुमाला सांगता येत न्हाय."

"सांगता येत न्हाय असं काय असतंय जगात? मास्तराचं नाव सांगता येत न्हाय, असं म्हण की!"

तिनं दचकून वर पाहिलं. कोण मास्तर, हेच तिला कळेना. आणि जे खरं होतं ते तिच्या जिभेवर येईना. हेमावती दुधनीची. माहेर लिंगायताचं. तिची आई काशम्मा मोठ्या तोऱ्यात सांगायची, "गळ्यात लिंग असल्यावर कसला विटाळ? आपल्यात बाईला बाजूला बसवत न्हाईत." खरंच बसवत नव्हते. पण बोलतही नव्हते! हेमावती पहिल्यांदा न्हाती झाली तेव्हा काशम्मानं तिच्या हातात धुतलेलं फडकं दिलं आणि म्हणाली, "सवय हुईल. कुणाला बोलायचं न्हाय." एवढंच शिक्षण. बापापुढे, भावापुढे, नवऱ्यापुढे तो शब्द काढायचा नाही, हे तिच्या हाडात भिनलं होतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं दुधनी गाठ," चन्नवीर म्हणाला. "मी बोलवीन तवा ये. न्हाय बोलवलं तर येऊ नको."

तो शब्द काढण्यापेक्षा घर सोडणं त्या बाईला सोपं वाटलं! सकाळी त्यानं दोघींना पॅसेंजरमध्ये बसवलं. विजयमाला खिडकीतून हात हलवत होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

नात्यातल्या चार जाणत्या माणसांपुढे हे मांडायचं, तर एक साक्ष हवी होती. गिरणीत रजा सांगून तो दुपारी विजापूर वेशीत खाजाभाईच्या अत्तराच्या दुकानात गेला. मास्तर तिथूनच अत्तर घेत, हे सगळ्या गिरणीला माहीत होतं. खाजाभाई गावाला गेला होता. गादीवर त्याची म्हातारी आई सरदारबी बसली होती.

चन्नवीरनं बाटली पुढे केली. "ही हितलीच का?"

सरदारबीनं बूच काढून हुंगलं. "हितलीच. खस हाय."

"ईश्वरप्पा मास्तर नेतो का ही?"

"मास्तर? तो हिना नेतो की, बेटा. वीस साल झाले. खस त्यानं कबी घेतला न्हाई."

संशयानं चोंदलेल्या नाकाला हिना आणि खस यांतला फरक कळला नव्हता! पण जळणारं मन एवढ्यानं विझत नाही. त्यानं डायरी काढून गादीवर टाकली.

"मास्तर नसंल तर दुसरा कोण असंल. ही बाटली माझ्या बायकोजवळ सापडली. चार महिने मी तारखा लिहून ठेवल्यात. या दिवसांत ती अत्तर लावती, माझ्याशी बोलत न्हाय, जवळ येऊ देत न्हाय. दुसरं काय असणार? तुमीच सांगा!"

"मला अक्षर येत न्हाई. वाच."

त्यानं वाचलं. फेब्रुवारीची नऊ, मार्चची नऊ, एप्रिलची सहा, मेची चार. सरदारबी बोटांची पेरं मोजत गेली. मोजून झालं तशी ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुला पोरगी हाय ना एक?"

"व्हय."

"आन् अजून तुला हा हिसाब कळला न्हाई? या तारखांच्या बाद पाच-सहा रोजांनी तुझी बायको डोक्यावरून न्हाती का न्हाई? सोचून सांग."

चन्नवीर आठवू लागला. फेब्रुवारीत हेमावती अंगणात केस वाळवत उभी होती आणि विजयमाला त्या केसांखाली लपत होती. मार्चमध्ये तिनं न्हायच्या पाण्याची बादली त्यालाच उचलून द्यायला सांगितली होती. एप्रिलमध्येही... त्याचे कान तापले.

"अरे येड्या, हा पाळीचा हिसाब हाय!" सरदारबी कडाडली. "पाळीच्या आधीचे दोन-तीन रोज हायेत हे! तू चोर पकडाया बसलास, आन् लिवलंस काय बघ! आज काय तारीख?"

"सात."

"म्हंजे आज-उद्या तिची पाळी येनार. कुटं हाय ती?"

"दुधनीला... सकाळच्या गाडीत बसवून दिलं."

"या उन्हात? पोरगी कडेवर घिऊन? या खुदा!"

मग सरदारबीनं सांगितलं. जानेवारीत एक बाई याच दुकानाच्या पायरीवर बसून रडत होती. कडेवर लहान पोरगी, पोरीच्या गालावर बोटं उठलेली. दूध सांडलं म्हणून त्या बाईनंच मारलं होतं. "मला म्हनाली, 'मावशी, मला काय होतंय कळत न्हाय. दर महिन्याला दोन-तीन दिवस उगाच राग येतो, उगाच रडू येतं. मी पोरीला मारलं हो!' मी पानी पाजलं तिला. खसाचा फाया दिला. म्हनलं, राग डोक्यात चढला का हा पदराच्या टोकाला बांधून नाकाशी धर, डोळे मीट, सावकाश दम घे. तोवर हात थांबतो. तिला तो वास लई आवडला. म्हनाली, माहेरच्या विहिरीजवळ वाळा हाय, तसाच वास येतोय. ही बाटली तवाच नेली तिनं; तीच तुझी बायको असनार."

"मग हे औषध हाय का?"

"न्हाई रे. अत्तरानं दुखनं जात न्हाई. लई तरास झाला तर डाक्टरनीकडं जा, हे पन मी तिला सांगितलं. पन जीव घाबरा झाला का आवडीचा वास मानसाला जरा धरून ठिवतो. घरातल्या मानसानं धरायला पायजे होतं, त्यानं न्हाई धरलं, म्हनून तिनं फाया धरला."

"मग तिनं मला का न्हाय सांगितलं?" चन्नवीरनं विचारलं.

"तू विचारलंस का? 'कुनी दिलं' असं न्हाई. 'काय होतंय' असं?"

चन्नवीरला आठवलं. एकदा 'बरं न्हाय का' म्हणून विचारलं होतं आणि ती 'बरं हाय' म्हणताच तो जेवायला बसला होता. चार महिने तो कुणावर जळत होता? मास्तरांवर? मास्तर तर कुठेच नव्हते. तो आपल्या बायकोच्या दुखण्यावर जळत होता! आपल्या लेकीवर उठलेला हात थांबावा म्हणून धडपडणाऱ्या आईचा तो पहारेकरी झाला होता!

सुटी मिळाली ती रविवारी. दुधनीत सासऱ्यांच्या अंगणात तो पोचला तेव्हा कट्ट्यावर सासरे आणि हेमावतीचे दोघे भाऊ बसले होते. एरवी जावई दिसला की 'बर्री, बर्री' म्हणून स्वागत व्हायचं. आज कुणी जागचं उठलं नाही. दाराशी काशम्मा उभी होती. तिच्या मागं हेमावतीचा पदर दिसत होता.

"पोरगी काय बोलंना," सासरे म्हणाले. "तुमी सांगा. काय गुन्हा केला तिनं?"

गाडीत त्यानं पाठ केलं होतं, 'थोडा गैरसमज झाला.' तेवढं बोलून सुटता आलं असतं. पण मग गावात कुजबुज राहिली असती, आणि डाग हेमावतीवरच राहिला असता.

"गुन्हा माझा हाय. हेमावतीला पाळीच्या आधी दोन-तीन दिवस त्रास होतो. जीव घाबरतो, राग येतो, रडू येतं. तवा ती अत्तराचा वास घेती, म्हणजे बरं वाटतं. मी त्याचा घाण अर्थ काढला. तिला विचारलं न्हाय. तिच्यावर पाळत ठेवली."

पाळी! त्या अंगणात पुरुषाच्या तोंडून हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. थोरला भाऊ बैल बघायच्या निमित्तानं उठून गेला. धाकटा जमिनीकडे बघत राहिला. सासरे खाकरले. आता ते उठून कानाखाली मारतात की काय, असं चन्नवीरला वाटलं.

तेवढ्यात काशम्मा चौकटीला धरून हळूहळू खाली बसली.

"मलाबी व्हायचं तसं," ती म्हणाली. "जलमभर. तुमी सगळी म्हनायचा, काशम्माचा सोभाव वंगाळ. मलाबी वाटायचं, आसंल माझाच सोभाव वंगाळ."

सासऱ्यांनी मान वर केली. चाळीस वर्षं जिच्याशी संसार केला तिच्याकडे ते असे बघत राहिले, की जणू ही बाई ते आजच पाहत होते. मग ते उठले, रांजणातून तांब्या भरून त्यांनी स्वतःच्या हातानं काशम्मासमोर ठेवला.

हेमावती बाहेर आली. "सगळ्यांसमोर बोललात," ती म्हणाली. "लाज न्हाय वाटली?"

"वाटली. पण तुला गाडीत बसवताना न्हाय वाटली, त्याची जास्त वाटती."

"मी लगेच येत न्हाय. तुमी माझ्यावर पहारा ठेवलात, ते विसराया मला वेळ लागंल."

"लागू दे."

तो एकटाच परतला. सोमवारी सकाळी त्यानं ईश्वरप्पा मास्तरांच्या नावापुढचा शेरा साहेबांना सांगून खोडून घेतला आणि मास्तरांची माफी मागितली. कशाबद्दल, हे त्या भल्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. पंधरा दिवसांनी हेमावती विजयमालाला घेऊन आपणहून आली. चन्नवीरचा जळका स्वभाव काही एका दिवसात गेला नाही. पण मनात कली शिरला की तो आता बायकोजवळ जाऊन बसे आणि सरळ बोले. महिन्यातले ते दिवस आले की पोरीला घेऊन तो तासभर बाहेर फिरून येई, म्हणजे हेमावतीला जरा शांतपणे पडता येई.

वाचकहो, हेमावतीसारख्या बायका आपल्या घरोघरी आहेत. काही ठिकाणी त्यांना बाजूला बसवतात, काही ठिकाणी बसवत नाहीत, पण त्यांच्याशी बोलत कुठेच नाहीत. आणि जे बोललं जात नाही तिथं संशयाला घर करायला वेळ लागत नाही. आपल्या आईचा, बायकोचा, लेकीचा स्वभाव चार दिवस बदलला, तर तिला नखरेल म्हणू नका, वंगाळ म्हणू नका. काय होतंय, असं विचारा, आणि ती सांगेपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.