पंचफुलाचं पथ्य

पंच्याहत्तर साल साऱ्या जगानं बायकांचं साल म्हणून जाहीर केलं होतं म्हणे. कुरुंद्याला ती बातमी अजून पोचायची होती. फाल्गुन लागला होता, शिवारात जागोजाग हळद शिजत होती, आणि अमृतरावांच्या मळ्यात त्यांची सून पंचफुला वाफाळलेल्या हळदीच्या पाट्या डोक्यावरून वाहून खळ्यावर ओतत होती. बावीस वर्षांची बाई, पण मागून बघणाऱ्याला वाटावं, चौदा वर्षांची पोर चाललीय.

दुपारी बांधावर भाकरी सुटली. आधी सासरे अमृतराव आणि नवरा तातेराव जेवले, मग गडी जेवले, मग सासू केशरबाईंनी दोन घास खाल्ले. अर्धी भाकरी उरली ती मळ्यातल्या कुत्र्याला गेली, कारण तो गुरुवार होता आणि पंचफुलाला उपास होता. तिनं मूठभर शेंगदाणे खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि पाटी उचलली.

उपास नसता तरी तिच्या वाट्याला ती अर्धीच भाकरी आली असती. त्या घरात सून सगळ्यांत शेवटी जेवायची, आणि शेवटी कालवण कधी उरत नसे. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या घरानंच पोटं आवळली होती. दुष्काळ गेला, बाप्यांची पोटं सैल झाली, सुनेचं मात्र आवळलेलंच राहिलं. त्यात उपास. सोमवार नागनाथाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. एकादशी तर अमृतरावही धरत. त्यांच्या एकादशीला भगर असे, शेंगदाण्याची आमटी असे, रताळी असत, वर केळी. सुनेच्या एकादशीला चहा असे. देव एकच, तिथीही एकच. पुण्य कुणाला जास्त लागत असेल ते देवालाच ठाऊक.

हे सगळे उपास मूल व्हावं म्हणून होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यातच गेल्या श्रावणापासून पंचफुलाची पाळी बंद झाली. सून बाजूला बसत नाही हे बघून केशरबाईंना आभाळ ठेंगणं झालं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आळीत साखर वाटली. पाचवा महिना लागला तरी सुनेचं पोट पाठीलाच चिकटलेलं, तेव्हा सुईण बोलावली. सुईणीनं हात फिरवला आणि मान हलवली. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साखर वाटणाऱ्या केशरबाईंना ते जिव्हारी लागलं, आणि सुनेच्या माथी शनिवारचा उपास वाढला.

अमृतरावांनी मग आपला निकाल दिला. साखऱ्याला केशरबाईंचा भाऊ संतराम राहत होता. त्याची मुलगी जनका सतरा वर्षांची झाली होती. तातेरावाची सख्ख्या मामाची मुलगी. घरातली पोरगी घरातच येईल.

"रंगपंचमी झाली की संतरामाला बोलावतो," अमृतराव म्हणाले. "पंचफुला चारचौघांत म्हनंल, माही ना न्हाई. मंग दुसऱ्या लग्नाला कोणी आडवं येत न्हाई."

दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी आहे, हे गावाला पाठ होतं. बंदीवरचा तोडगाही पाठ होता. पहिलीनंच होकार दिला तर पोलिसात जाणार कोण? पंचफुलाला कुणी विचारलं नाही. तातेरावाला विचारलं, तर तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

केशरबाईंनी तेवढ्यात आणखी एक इलाज करून बघायचं ठरवलं. बाई वाईट नव्हती. सवत म्हणजे काय हे तिनं आपल्या आईच्या घरी पाहिलं होतं. औंढ्याला एस.टी. स्टँडच्या मागं मिराबाई म्हणून एक बाई निसर्गोपचार करते, असं तिच्या कानावर आलं होतं. गोळी नाही, सुई नाही, नुसती माती, पाणी आणि उपास. उपास म्हटल्यावर केशरबाईंचा लगेच विश्वास बसला. आपले उपास कुठंतरी चुकत असतील, ही बाई बराबर करून देईल, असा त्यांचा हिशेब.

मंगळवारी सासू-सुना नागनाथाचं दर्शन घेऊन मिराबाईच्या दारात उभ्या राहिल्या. मिराबाई बौद्ध होती. पुण्याकडच्या एका निसर्गोपचार आश्रमात ती झाडलोट करायला लागली, आणि बघता बघता बारा वर्षांत सगळं शिकून परत आली. केशरबाई उंबऱ्याबाहेर ओट्यावरच बसल्या. तिथलं पाणी त्यांना चालत नव्हतं. इलाज चालत होता.

मिराबाईनं पंचफुलाला आत घेतलं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, केसांतून हात फिरवला तर बोटांत केसांचा झुबका आला. पोटावर काळे चट्टे होते.

"हे कशाचं गं?"

"बिब्ब्याचं. गावातल्या एका बाईनं लावला. पोटात ऊब बसती म्हनं."

मिराबाईनं डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "काल काय जेवलीस?"

"काल सोमवार व्हता."

"परवा?"

"परवा एकादशी."

"त्याच्या आदल्या दिशी?"

"शनवार व्हता, बाई."

"अन् आज?"

"दर्शन झाल्याबिगर कसं खावं?"

मिराबाई उठली. तिनं ताटलीत दोन भाकऱ्या घेतल्या, वर घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही. ताटली पंचफुलापुढं ठेवली. "घे. हे औषध."

बाहेरून केशरबाई किंचाळल्या, "अगं, तिथं खाऊ नको! बाई, मी तिला उपास घ्यायला आणलं व्हतं."

"उपास मी देते ना," मिराबाई दारात येऊन म्हणाली. "खाऊन खाऊन ज्याचं पोट सुटलंय त्याला देते. हिला कशातला उपास देऊ, मावशी? ही तर लग्नापासून उपासच करून राहिली. चूल इझून चालली तर तिच्यात लाकूड घालावं लागतं. तुमी राख बी उकरून नेऊन राहिलात."

"मंग पाळी काहून बंद झाली हिची?"

"जेवण न्हाई म्हून. रातदिस काम अन् पोटात मूठभर शेंगदाणे. अंग शहाणं असतं, मावशी. आधी जीव वाचवतं, बाकीचं बंद करतं. पाटी उचलायलाच ताकद न्हाई, तर लेकरू कशावर वाढवावं त्यानं?"

मग तिनं पथ्य सांगितलं. एकही उपास नाही. दोन्ही वेळा पोटभर भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक. मधल्या वेळेला तीळ-गूळ नाहीतर शेंगदाणे-गूळ. सकाळी घडीभर कोवळं ऊन. मोठ्या घमेल्यात गार पाणी घेऊन दहा मिनिटं कंबर बुडवून बसायचं. दुपारी निजायचं. बिब्बा पुन्हा अंगाला लावू द्यायचा नाही. "अन् जेवायचं पहिल्या पंगतीला. शेवटच्या पंगतीला पथ्य पाळता येत न्हाई, काही उरतच न्हाई."

"किती दिस?" पंचफुलानं पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"तीन म्हयने. त्यात पाळी आली न्हाई तर परभणीच्या सरकारी दवाखान्यात जायचं. माही माती सगळ्यालाच पुरत न्हाई. अन् एकटीनं जायचं न्हाई, नवऱ्याला संगं न्यायचं. त्याची बी तपासणी करावी लागती."

"त्याला काय झालं?" केशरबाई उसळल्या.

"हिला तरी काय झालं व्हतं? पोटावर बिब्बा हिच्याच लावला ना तुमी?"

आत पंचफुलानं पहिला घास मोडला. घास गिळताना तिला लाज वाटली. दुसऱ्या भाकरीला हात घातला तेव्हा राग यायला लागला. सहा वर्षांचा राग, तो दोन भाकऱ्यांत कुठला संपायला.

परतीच्या एस.टी.त केशरबाई एवढंच म्हणाल्या, "तिथं खाल्लंस ते घरी बोलू नको. तुहे सासरे मला बी घराबाहेर काढतील." सुनेला तिथं नेणारी आपणच, हे आता त्यांच्या लक्षात आलं होतं.

गुरुवारी होळी. पंचफुलानं शेंगदाण्यांची मूठ परत डब्यात टाकली आणि ताट वाढून घेतलं. शनिवारीही घेतलं. अमृतरावांनी सोप्यातून ऐकवलं, "लेकरू न्हाई, पण तोंड बराबर चालून राहिलं." तिनं ताक मागून घेतलं. केशरबाईंनी भाकरीची दुरडी शिंक्यावर उंच टांगली, तर हिनं पाट ओढला, त्यावर उभी राहिली आणि दुरडी खाली काढली. दुपारी दार लोटून घडीभर निजू लागली. आळीत चर्चा झाली की अमृतरावांच्या सुनेला वारं लागलं. लागलं होतं खरं, पण त्याला उतारा नसतो.

एकदा विहिरीवर तिनं नवऱ्याला गाठलं. "अवो, परभणीला चलता का माह्यासंगं? तपासून येऊ दोघं बी."

तातेरावानं इकडंतिकडं पाहिलं. "लोकं काय म्हनतील?"

"मला सहा वर्सं म्हणून राहिले. तुमाला एक दिस म्हनतील."

त्यानं तिचा पोहरा ओढून दिला.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी साखऱ्याहून संतराम आला, सोबत भावकीतली दोन माणसं. घरात पुरण शिजलं. जेवणं झाली की पंचफुलाला सोप्यात बोलवायचं, तिनं पदर डोक्यावरून घेऊन "माही ना न्हाई" म्हणायचं, सुपारी फुटायची, असं सगळं ठरलेलं होतं. केशरबाईंनी सुनेला सकाळपासून तीनदा घोकून घेतलं. सून तिन्ही वेळा गप्प होती. केशरबाईंना वाटलं, पोर समजली.

पाच पाट मांडले. पुरुष बसले. पंचफुलानं पाच ताटं वाढली. मग ती आत गेली, सहावा पाट घेऊन आली आणि तातेरावाच्या शेजारी टाकला. सहावं ताट आणलं, त्यात पोळी घेतली, वर तुपाची धार घेतली, आणि बसली.

"ए!" अमृतराव ओरडले. "डोस्कं फिरलं का? ऊठ! बाप्यांच्या पंगतीला?"

"पथ्य हाये, मामंजी," पंचफुला म्हणाली. ती उठली नाही. "बोलायचं जेवणं झाल्यावर व्हतं. मी आताच बोलते. माही ना हाये. या घरात दुसरी येईल, तर मी फिर्याद द्यायला पोलिसात जाईन."

अमृतरावांचा घास हातात राहिला. "वांझ बाई वर तोंड करून..."

"मी वांझ न्हाई!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की आतून केशरबाई धावत दारात आल्या. "मी उपाशी हाये. सहा वर्सं झाली, मामंजी, उपाशी हाये. माही पाळी बंद झाली ती जेवायला न्हाई म्हून. देवाचा कोप न्हाई, माहा दोष न्हाई. तुमच्या मळ्यातल्या कुत्र्याला भाकरी मिळती, मला मिळती का इचारा आत्याबाईला. अन् माह्यासारखी तपासणी तुमच्या लेकाची बी करा. मंग ठरवा कोण वांझ."

पाळी हा शब्द त्या सोप्यात पुरुषांपुढं कधी उच्चारला गेला नव्हता. भावकीतली दोन माणसं ताटाकडं बघू लागली. अमृतराव उठायला गेले, तर संतरामानं हात आडवा केला. तो अजून जेवला नव्हता. त्यानं दाराकडं बघितलं.

"अक्का, खरं हाये का हे?"

केशरबाई चौकट धरून उभ्या होत्या. भावाशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. नवऱ्यापुढं खरं बोलायची तर मुळीच नव्हती. सहा बाळंतपणं त्यांनीही याच घरात शेवटच्या पंगतीला बसून काढली होती, आणि सहांतला एकटा तातेराव जगला होता.

"खरं हाये, संतराम," त्या म्हणाल्या. "माहं बी आन् तिचं बी."

संतरामानं ताट पुढं सरकवलं. "दाजी, एकच सांगा. माही जनका या घरात आली, तर ती कव्हा जेवंल?"

अमृतराव ताटातली पोळी मोडत राहिले. गावात वजन असलेला माणूस, पंचायतीत चार-चार तास बोलणारा. संतराम उठला, हात धुतले आणि सुपारी खिशातच ठेवून माणसांसह साखऱ्याच्या वाटेला लागला. अमृतराव पाय आपटत मळ्याकडं गेले.

सोप्यात दोघंच उरली. तातेराव थोडा बाजूला सरकला आणि त्यानं तिच्या पाटाला नीट जागा करून दिली. सहा वर्षांत या माणसानं केलेलं पहिलं धाडस ते. त्याचं फार कौतुक करायचं कारण नाही, पण नोंद घ्यायला हवी. पंचफुलानं पोळी संपवली आणि दुसरी मागितली. केशरबाईंनी ती आणून वाढली.

वाचक आता विचारतील, मग पुढं पाळी आली का? लेकरू झालं का? मी सांगणार नाही. तुम्हाला राग येईल, येऊ द्या. लेकरू झालं असं सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, बरं झालं जेवू घातलं, सार्थक झालं. नाही झालं असं सांगितलं, तर म्हणाल, उगीच एवढी ज्वारी वाया गेली. दोन्ही बाजूंनी भाकरीचा हिशेब तुम्ही तिच्या कुशीतच मांडणार. पंचफुला कष्ट करत होती आणि तिला भूक लागत होती. जेवायला माणसाला याहून मोठं कारण लागत असेल, तर आज संध्याकाळी आपल्या घरातल्या शेवटी जेवणाऱ्या बाईसमोर बसा आणि ते कारण तिला तोंडावर सांगा.