सगळ्यांचं होईपर्यंत

सुताराची पोर आठ वर्षांची. अंगात वारं भरल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून नाव पडलं भिंगरी. पण गेले दोन महिने ही भिंगरी सकाळी अंथरुणातून हलत नव्हती. पोट दुखतं म्हणायची. शाळेची वेळ टळली, की बापाजवळ भुशात बसून कपाटाच्या कप्प्यांची मापं तोंडी काढून द्यायची. बापाने टेप लावून पाहावं, तर सुताचाही फरक नाही.

म्हणून आज तो पोरीला घेऊन मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसला होता, बोटांवरचा वाळला सरस नखाने खरवडत.

"तिसरीतून एकदम पाचवीत?" बाई म्हणाल्या. "अहो, कच्चं फळ तोडून कधी गोड लागतं का?"

"पिकलेलं झाडावर ठेवलं तर सडतं, बाई."

बाई हसल्या. "बोलता येतं की तुम्हाला. पण केवढीशी ती. पाचवीच्या बाकावर पाय अधांतरी राहतील."

"पायाखाली पाट करून देतो. डोक्यावर फळी ठोकू नका, एवढंच मागणं."

बाईंनी कपाटातून चौथीचा गणिताचा पेपर काढला. "तासभर देते. सुटला तर बोलू. नाही तर हा विषय इथेच संपला."

भिंगरी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. बाईंनी वह्यांचा गठ्ठा तपासायला ओढला. बाप बाहेर व्हरांड्यात. एक घडी सरता सरेना.

तासाने बाईंनी हाक मारली. कागदावर एकच गणित. खाली सगळं कोरं.

"पाहिलंत? पहिल्यावरच गाडी अडली." असं म्हणून बाई पुन्हा वह्यांकडे वळल्या.

बाप पुढे झाला. तो पोरीजवळ उकिडवा बसला. "काय गं, जमेना?"

"जमतंय की."

"मग लिहिलं का नाहीस, बाळा?"

तिने हळूच बाईंच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "बाईंचं कुठे झालंय? एक सुटलं की पेन्सिल खाली ठेवायची. सगळ्यांचं झालं, की मग दुसरं."

बाईंचा हात वहीवरच थांबला. "वर्गात तोवर काय करतेस?"

"आधी खिडकीच्या जाळीची भोकं मोजायचे. ती संपली. आता नुसती बसते."

बापाला रोज सकाळची पोटदुखी आठवली, आणि त्यावर आपण घातलेले धपाटेही. त्याने मान खाली घातली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "झालं गं माझं. कर पुढचं."

पेन्सिल निघाली ती थांबेचना. वीस मिनिटांत अकरा गणितं. बाईंनी एकाभोवती लाल गोल काढला, तसा बाप पुढे वाकला.

"एक चुकलंय," बाई म्हणाल्या. "बरं झालं. पाचवीत शिकवायला काही उरलं तरी. घ्या, अर्ज लिहा."

भिंगरी टेबलाला टेकून उभी होती. "पाचवीत पण थांबायचं असतं?"

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं.

"थांबावं लागलं, तर उठायचं आणि मला येऊन सांगायचं."