आबांचा ळ

आबांना झटका आला त्यात उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि ळ गेला. बाकीचं बोलणं महिन्याभरात परतलं, एक एक दोन दोन शब्दांनी का होईना, पण ळ काही आला नाही. जीभ वर वळायचीच नाही. मग बाळाचं बाल झालं, जवळचं जवल झालं, आणि केळं हवं असलं की आबा केलं मागायचे. पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना रडू यायचं, मग सवय झाली. त्यांच्या तोंडून ल आला की ऐकणाऱ्याचे कान आपोआप त्याचा ळ करून घ्यायचे. थोरली म्हणायची, "आबा निम्मं बोलतात, निम्मं आपण ऐकतो, चाललंय की झकास."

थोरली म्हणजे आबांची मोठी लेक. गल्लीत तिला सगळे थोरलीच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. रस्त्याच्या टोकाला तिचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. ग्रिल, गेट, लोखंडी जिने, काय हवं ते करून द्यायची. आबा जन्माचे सुतार, आणि लेकीने लाकूड सोडून लोखंड धरलं, यावरून दोघांत वीस वर्षं लुटुपुटूचं भांडण चालू होतं. आबा म्हणत, मेल्या लोखंडाला वास नाही. ही म्हणे, वाळवीपण नाही.

आबांचं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी ते चाळिशीत स्वतः बांधलेलं, पुढे एक खोली, मागे एक खोली. दगडाचे दोन थर, त्यावर लाकडाचा आडवा पट्टा, पुन्हा दगड, पुन्हा पट्टा, असं करत वर छपरापर्यंत. दगडांत सिमेंटचा कण नाही. आणि कोपऱ्यात जिथे दोन पट्टे एकमेकांत अडकतात तिथे खिळासुद्धा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या, त्याही भोकात सैल. बोट जाईल एवढी फट होती तिथे. थोरलीने लहानपणी विचारलं होतं, "आबा, ही फट का राहिली?" तर म्हणाले होते, "राहिली नाही, ठेवली." सात वर्षांच्या पोरीला असल्या उत्तरात काय गोडी असणार? ती खेळायला पळाली आणि विसरली ती विसरलीच.

आता हे घर कुरकुरायचं. वारा सुटला की कुरकुर, रस्त्यावरून ट्रक गेला की कुरकुर. थोरलीचा धाकटा भाऊ बोटीवर कामाला, सहा सहा महिने पाण्यावर. घरात आबा, भावजय आणि तिची आठ महिन्यांची छकुली. छकुलीचा डोळा लागायला आणि कोपरा बोलायला एकच गाठ पडायची. भावजयीच्या झोपेचं पार खोबरं झालं होतं.

"ताई," ती एकदा थोरलीला म्हणाली, "एक तर या घराला गप्प करा, नाही तर मला."

"हात्तिच्या, एवढंच ना?" थोरली म्हणाली.

थोरलीचं काम म्हणजे चोख. आठ एमएमच्या जाड प्लेटा कापून, काटकोनात वाकवून आणल्या. प्रत्येक कोपऱ्यातल्या प्रत्येक पट्ट्याला एक प्लेट, प्लेटीला चार बोल्ट, लाकडातून आरपार. शेजारचे गवंडीकाका घमेलं घेऊन आले आणि दगडांच्या सांध्यांत सिमेंट ठासायला बसले. आबा खाटेवरून बघत होते. थोरलीने पहिली खुंटी आत ठोकायला हातोडा उचलला, तसे ते म्हणाले, "हलू दे."

"बरं आबा, हळू देते," थोरली म्हणाली आणि घाव हलका केला.

"हलू दे," आबा पुन्हा म्हणाले, जरा चढ्या आवाजात.

"अहो, हळूच देतेय की. अजून किती हळू? फुंकर मारू का?"

गवंडीकाका हसले, भावजय हसली, खरं सांगायचं तर थोरलीही हसली. आबांनी डाव्या हाताने खाटेवर थापा मारल्या. हलू दे, हलू दे, हलू दे. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गवंडीकाका थोरलीला बाजूला घेऊन म्हणाले, "जीव तुटतो गं माणसाचा. हातचं लाकूड आहे ते त्यांचं. तू खरंच जरा हळू दे." मग ती आणखी हळू द्यायला लागली. इतकं जपून काम तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

चार दिवसांत पुढची खोली चिडीचूप झाली. मागच्या खोलीची वेळ आली तेव्हा आबा काठी टेकत टेकत तिथे गेले, कोपऱ्याला पाठ लावून जमिनीवर बसले आणि उठेनात. जेवायलाही तिथेच. दुसऱ्या दिवशीही तेच. थोरलीकडे गेटांच्या ऑर्डरी खोळंबल्या होत्या, तिने उरलेल्या प्लेटा अंगणात रचून ठेवल्या. "राहू दे," ती भावजयीला म्हणाली. "म्हाताऱ्याचं एवढं तरी चालू दे. तू छकुलीला पुढच्या खोलीत झोपव." आणि तिने स्वतःच्या हाताने चाकांचा पाळणा पुढच्या खोलीत आणून लावला.

तर आबांनी नवीनच उद्योग सुरू केला. जेवणं झाली रे झाली की डाव्या हाताने पाळणा ओढत मागच्या खोलीत न्यायचा. भावजय पुढे आणायची, हे मागे न्यायचे. वर तेच पालुपद, हलू दे. झोका हळू दे म्हणत असतील, असं भावजयीला वाटायचं. "मी काय जोरात देते का हो?" ती थोरलीपाशी कुरकुरली. दोन आठवडे हे चाललं, मग ती कंटाळली. छकुलीला दुपारी मागे निजवायचं, रात्री पुढे, असा तह झाला. पण हा तह झालाय हे थोरलीला कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

त्याच सुमारास थोरलीचा एकोणीस नंबरचा पाना हरवला. दुकान उलटंपालटं केलं, मिळाला नाही. आणि एकदा घरी आली तर पुढच्या खोलीतले दोन नट तिला सैल लागले. आपण पिळलेला नट सैल होतो म्हणजे काय, हा तिला स्वतःचा अपमान वाटला. दुपारीच मशीन आणून तिने त्या खोलीतल्या एकूण एक नटाला वेल्डिंगचा टाका मारला. आबा खाटेवरून बघत होते.

पुढच्या मंगळवारी, दुपारी सव्वादोनच्या सुमाराला, थोरली कटरवर पाइप कापत होती. तिने मशीन बंद केलं, तरी हाताची थरथर थांबेना. हात मशीनवरून उचलला, तरी थांबेना. मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या सळ्या एकमेकींवर वाजायला लागल्या, शटर खडाखडा हललं, आणि जमिनीने तिचे दोन्ही पाय एकदम डावीकडे ओढले. कशी बाहेर पडली तिला आठवत नाही. रस्त्यावर माणसं उभी होती. समोरच्या तीन मजली इमारतीचा खालचा मजला आता दिसत नव्हता. थोरलीच्या डोक्यात एकच गोष्ट आली, सव्वादोन वाजलेत, छकुली झोपली असेल, पुढच्या खोलीत. मी लावलेल्या पाळण्यात.

ती धावली. चप्पल कधी सुटली कळलं नाही.

पुढची खोली नव्हती. भिंत अख्खीच्या अख्खी, एका तुकड्यात, बाहेर पडून फुटली होती आणि छप्पर त्यावर बसलं होतं. ढिगाऱ्यात लाकडाचा एक पट्टा उभा होता. बोल्टच्या भोकांतून तो सरळ उभा चिरला गेला होता, आणि प्लेट मात्र जशीच्या तशी. थोरली त्या प्लेटीकडे बघत राहिली. माणूस काय विचार करील याचा नेम नाही. तिच्या मनात आलं, टाका सुटला नाही. चांगला बसलाय टाका.

मग ती गुडघ्यावर बसून दगड उचलायला लागली. गवंडीकाका आले, धुळीने पांढरे झालेले, तेही शेजारी बसून दगड उचलायला लागले. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग छकुली रडली. दगडांखालून नाही, मागून.

थोरली ढिगाऱ्याला वळसा घालून मागच्या दाराला गेली. मागची खोली उभी होती. दगड कुठे कुठे इंचभर बाहेर सरकले होते, फळीवरची भांडी खाली आली होती, बाकी खोली होती तशी होती. कोपऱ्यात भावजय छकुलीला छातीशी घट्ट धरून बसली होती, शेजारी पाळणा.

"आबा?" थोरलीने विचारलं.

"मी पाजायला घेतलं," भावजय म्हणाली. "म्हणून उठून पुढे गेले. रोज जातात तसे." ती पुढच्या खोलीच्या दाराकडे बघत होती, जिथे आता नुसते दगड होते. "ताई, मी तरी म्हटलं, बसा हो आबा, मी पाठ करून बसते. नाही ऐकलं."

तेवढ्यात पुन्हा जमीन हलली. थोरली तिथेच कोपऱ्यापाशी खाली बसली आणि तिने ते डोळ्यांनी पाहिलं. लाकडाचे दोन पट्टे एकमेकांपासून सुटले, खुंटी भोकात बोटभर सरकली, फट उघडली, दगड जागच्या जागी थोडे वळले. आणि सगळं घर कुरकुरत, कण्हत परत आपल्या जागेवर येऊन बसलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बसलं. त्या खोलीने प्रत्येक धक्का असा अंगावर घेतला आणि सोडून दिला. धक्का थांबल्यावर फट होती तेवढीच होती, बोट जाईल एवढी.

"रोज म्हणायचे," भावजय पुटपुटली. "आजही जाताना म्हणाले. हलू दे."

थोरलीने मान वर केली. भावजयीने तो शब्द आबांसारखाच उच्चारला होता, दुरुस्त न करता. हलू दे. त्यात ळ नव्हताच. झटक्यानंतरही आबांच्या तोंडून जो शब्द धडधडीत बरोबर येत होता, तोच सगळ्यांनी मिळून दुरुस्त करून ऐकला होता. फुंकर मारू का, असं विचारलं होतं तिने. आणि सगळे हसले होते.

भावजयीला आणि छकुलीला तिने आधी मोकळ्या मैदानात नेऊन बसवलं. मग गल्लीतले लोक आले, छपराचे वासे उचलले गेले, आणि दिवस मावळायच्या आत आबा सापडले. खाटेवर नव्हते. पुढच्या कोपऱ्यापाशी, पडलेल्या भिंतीच्या मुळाशी होते, आणि डाव्या हातात एकोणीस नंबरचा पाना होता. थोरलीने तिथल्या प्लेटीवरची धूळ हाताने पुसली. नटाच्या कडा घासून घासून गोल झाल्या होत्या, चकचकीत. तिने मारलेला टाका तेवढा शाबूत होता. जन्मभर उजव्या हाताने काम केलेल्या माणसाने डाव्या हाताने ते रोज थोडं थोडं केलं होतं, छकुली दूध प्यायची तेवढ्या वेळात. थोरलीने पाना सोडवायचा प्रयत्न केला, तो सुटेना, मग तिने तो तसाच त्यांच्या हातात राहू दिला. ती रडली नाही. तिला रडायचं होतं, पण आपल्याला तो हक्क आहे का, हेच तिला कळत नव्हतं.

आबांना चादरीवर घेतलं, तेवढ्यात आणखी एक धक्का आला, लहानसा. मागची खोली कुरकुरली. लोक मागे सरकले. गवंडीकाका तेवढे अंगणात गेले, रचून ठेवलेल्या प्लेटा काखेत मारून आले, दुसऱ्या हातात हातोडा. बिचाऱ्यांच्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

"थोरले, एवढी तरी वाचवू," ते म्हणाले. "चार प्लेटा ठोकून घेतो. बघ ना कशी हलतेय."

"हलू दे," थोरली म्हणाली.

गवंडीकाकांनी मान डोलावली. आबांच्या झटक्यापासून दीड वर्ष या घरात येऊन त्यांचेही कान तसेच झाले होते.

"हो गं, हळूच देतो," ते म्हणाले आणि कोपऱ्याकडे निघाले.

थोरलीने उठून त्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला.